खिडकीवर लावायची राहिलेली फिल्म

आजच्या भागाची सुरुवात एका अगदी कंटाळवाण्या वस्तूपासून करतो. काचेवर चिकटवायची पारदर्शक फिल्म. गाडीच्या काचांना लावतात ना, तिचीच जाडजूड बहीण समजा. साधी काच स्फोटात फुटली की तिचे सुऱ्यासारखे लांब तुकडे होतात आणि ते खोलीभर उडतात. फिल्म लावलेली असली तरी काच फुटतेच, पण तुकडे फिल्मला धरून राहतात. फिल्म चौकटीलाही नीट पकडून बसवली असेल तर पूर्ण काच आत कोसळण्याची शक्यता आणखी कमी होते. बस, एवढंच तिचं काम.

ही फिल्म २००३ च्या उन्हाळ्यात बगदादमधल्या एका इमारतीला लावायची होती. ती लागली नाही.

इमारतीचं नाव कनाल हॉटेल. नावाला हॉटेल, पण तिथे संयुक्त राष्ट्रांचं इराकमधलं मुख्यालय होतं. अमेरिकेने मार्चमध्ये इराकवर हल्ला केला, एप्रिलमध्ये सद्दामची सत्ता गेली आणि जूनमध्ये महासचिव कोफी अन्नान यांचे प्रतिनिधी म्हणून सर्जिओ व्हिएरा द मेलो तिथे आले. हे ब्राझीलचे. संयुक्त राष्ट्रांतला सगळ्यात गाजलेला 'फील्डवरचा माणूस' म्हणतात ना, तसे. पूर्व तिमोर उभं करून आलेले. बगदादला फक्त चार महिन्यांसाठी जायचं ठरलं होतं.

१९ ऑगस्ट २००३, दुपारचे साडेचार वाजत आलेले. एक ट्रक इमारतीला लागून असलेल्या रस्त्यावर आला आणि बरोबर द मेलो यांच्या खोलीखाली फुटला. त्यात सुमारे १००० किलो स्फोटकं होती. त्या वेळी इमारतीत एक पत्रकार परिषद चालू होती. विषय होता, जमिनीत पुरलेले सुरुंग कसे काढायचे. कॅमेरा चालूच होता. एक आवाज, मग काळोख, मग किंकाळ्या. ते फुटेज मी एकदाच पाहिलं. परत नाही पाहिलं.

२२ माणसं गेली, शंभराहून जास्त जखमी झाली. गेलेल्यांत स्वतः द मेलो होते, जुने मुरलेले अधिकारी होते, इराकी कर्मचारी होते आणि रेहाम अल-फर्रा नावाची जॉर्डनची मुलगी होती. वय २९. साधारण माझ्याच वयाची, म्हणून ते नाव माझ्या डोक्यातून जात नाही. आज तिच्या नावाने संयुक्त राष्ट्रं तरुण पत्रकारांना फेलोशिप देतात.

आता मी सॉफ्टवेअरवाला माणूस. युद्ध, राजकारण हा माझा प्रांत नाही. मी या गोष्टीकडे वळलो ते एका वेगळ्या कारणाने. काही वर्षांपूर्वी मी ज्या टीममध्ये होतो तिथे एक सर्टिफिकेट रिन्यू करायचं तिकीट तीन महिने पडून होतं. प्रत्येक मीटिंगमध्ये 'पुढच्या स्प्रिंटमध्ये घेऊ' म्हणायचो. मीसुद्धा म्हणालोय. एका रविवारी रात्री ते एक्स्पायर झालं आणि सगळी सिस्टीम चार तास झोपली. लोकांना थोडा मनस्ताप झाला, संपलं. मग पोस्टमॉर्टेम झालं. आमच्याकडे घोळ निस्तरल्यावर 'नेमकं काय चुकलं' याचा जो कागद लिहितात, त्याला हाच शब्द आहे. पण बगदादच्या हल्ल्यावरचे अहवाल वाचताना हा शब्द नुसता तोंडात घ्यायलाही मला लाज वाटली. कारण तिथेसुद्धा तिकीट पडूनच होतं. फिल्मचं.

पहिला अहवाल ऑक्टोबर २००३ मध्ये आला. समितीचे प्रमुख होते फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी. अहवालाने फार मऊ भाषा वापरली नाही. सुरक्षेची पूर्ण व्यवस्थाच नीट चालत नाही आणि इराकमधल्या कर्मचाऱ्यांना तिच्यातून संरक्षणाची फारशी हमी मिळत नव्हती, असा त्याचा रोख होता. संस्थेचे स्वतःचे किमान सुरक्षा नियम होते, ते तिथे पूर्ण पाळलेले नव्हते. इराकमध्ये ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त परदेशी कर्मचारी होते, आणि नेमके किती, याची धड नोंदही नव्हती. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात भयंकर मुद्दा आहे. आत किती माणसं आहेत हेच माहीत नसेल तर ढिगाऱ्यात किती जणांना शोधायचं?

आणि धोका आकाशातून पडला नव्हता. ७ ऑगस्टलाच बगदादमधल्या जॉर्डनच्या दूतावासावर मोठा स्फोट झाला होता. म्हणजे सैन्य सोडून इतरांवरही बॉम्ब पडू लागलेत, हे दिसत होतं.

पण थांबा. 'निष्काळजी लोक होते, मेले' असं म्हणून मोकळं होऊ नका. मीही आधी तेच करत होतो.

स्फोटापासून वाचवणारी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी गोष्ट भिंत नाही, फिल्म नाही. अंतर. स्फोटाचा दाब अंतरासोबत इतक्या झपाट्याने उतरतो की ट्रक दहा मीटरवर उभा असणं आणि पन्नास मीटरवर असणं यात जगण्यामरण्याचा फरक पडतो. म्हणून ट्रकला जवळच येऊ न देणं हा खरा उपाय. अमेरिकन सैन्याने त्या बाजूच्या रस्त्यावर एक ट्रक आडवा लावून तो अडवलाही होता. संयुक्त राष्ट्रांनीच तो काढायला सांगितला. त्यांना इमारतीभोवती सैनिकांचा गराडा नको होता.

का? कारण त्यांचं कामच तसं होतं. ज्या सैन्याने देश ताब्यात घेतला, त्याच्या रणगाड्यांआड बसलो तर साधा इराकी माणूस आत येईल का? आपल्याला तो त्या सैन्याचाच भाग समजणार नाही का? निळा झेंडा हेच आपलं चिलखत, असं संस्थेत कित्येक वर्षं मानलं जायचं. खरं म्हणजे ते चिलखत आधीही भेदलं गेलं होतं. संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ फोल्क बर्नाडोट यांचा १९४८ मध्ये जेरुसलेममध्ये खून झाला होता. तरी समजूत टिकली. लोकांपासून लांब राहिलात तर सुरक्षित, पण मग गेलात कशाला? आणि जवळ राहिलात तर... कनाल हॉटेल. या प्रश्नाला आजही स्वच्छ उत्तर नाही. ज्याने रस्त्यातला ट्रक हटवायला सांगितलं तो मूर्ख नव्हता, एवढं तरी मला पटलंय.

फिल्मचं मात्र तसं नाही. फिल्मने कुठल्या इराकी माणसाला घाबरवलं नसतं. तिच्यात कसलंच धर्मसंकट नव्हतं. ते फक्त एक काम होतं, जे कोणीतरी करायचं होतं.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगतो. फिल्म असती तरी द मेलो वाचले नसते. त्यांच्या बाजूची इमारतच कोसळली. ते आणि निर्वासितांच्या प्रश्नाचे अभ्यासक गिल लोशर ढिगाऱ्याखाली अडकले. अमेरिकन सैन्यातले दोन राखीव जवान, दोघेही मायदेशी आणीबाणीच्या सेवेतले अनुभवी, त्या खबदाडात उतरले. उपसायला साधनं नव्हती. शेवटी कुणा बाईची हँडबॅग पडद्याच्या दोरीला बांधून, तिच्यात एकेक वीट भरून वर ओढली. लोशर यांचे दोन्ही पाय जागेवरच कापावे लागले, ते वाचले आणि पुढे अनेक वर्षं निर्वासितांवरच काम करत राहिले. द मेलो काही तास जिवंत होते, बोलत होते. मग गेले. फिल्मने वाचले असते ते इमारतीच्या बाकी भागातले लोक, ज्यांचे डोळे आणि चेहरे उडत्या काचेने चिरले.

दुसरा अहवाल २००४ च्या मार्चमध्ये आला. याचं काम होतं जबाबदारी ठरवणं. आणि इथे मला जरा त्रास होतो. सुरक्षा समन्वयक टुन म्यात यांना राजीनामा द्यायला सांगितलं गेलं. उपमहासचिव लुईस फ्रेशेट यांनी स्वतःहून राजीनामा देऊ केला, अन्नान यांनी तो घेतला नाही. आणि शिस्तभंगाची कारवाई कोणावर? बगदादमधल्या प्रशासन अधिकाऱ्यावर आणि इमारत सांभाळणाऱ्यावर. आरोप, फिल्म वेळेत न लावल्याचा. चूक त्यांची होती का? अहवालाप्रमाणे, होती. पण लोकांना घाईघाईने बगदादला परत पाठवायचा निर्णय इमारत सांभाळणाऱ्याने घेतला नव्हता. आमच्याकडेही पोस्टमॉर्टेममध्ये ज्याने शेवटचं बटण दाबलं त्याचं नाव आधी येतं. ज्याने तारीख ठरवली त्याचं सहसा येत नाही.

पुढे बदल झाले, आणि ते खोटे नव्हते. सुरक्षेचं काम तोवर वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेलं होतं. २००५ च्या सुरुवातीला सुरक्षेसाठी एक वेगळा विभागच उभा राहिला. पहिले प्रमुख लंडनच्या पोलीस दलातले डेव्हिड व्हेनेस. पण डिसेंबर २००७ मध्ये अल्जिअर्सच्या कार्यालयावर गाडीबॉम्ब फुटला आणि १७ कर्मचारी गेले. पुन्हा समिती, या वेळी लखदर ब्राहिमी यांची. पुन्हा जबाबदारीचाच मुद्दा. त्यानंतर हळूहळू विचाराची दिशा फिरली. आधी प्रश्न असायचा, 'निघायचं कधी?' आता झाला, 'राहायचं कसं?' धोका आणि कामाची गरज दोन्ही समोर मांडायची. या कामासाठी एवढा धोका घ्यायचा का, ते कोणीतरी सही करून ठरवायचं. नोकरी देणाऱ्याने सही करायची, नोकरी करणाऱ्याने छातीठोकपणे नाही. 'शूर आहेस, जा' ही भाषा संपली निदान कागदावर तरी.

आता एक आकडेवारी, जिने मला खरंच चाट पाडलं. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत १९४८ पासून चार हजारांहून जास्त लोक गेलेत. यात भारताचे सगळ्यात जास्त, जवळजवळ १८०. आपल्या डोक्यात चित्र असतं गोळीबाराचं. पण कारणांच्या यादीत सगळ्यात वर आहे आजारपण. मग अपघात. हल्ले त्यानंतर. म्हणजे मलेरिया, हृदयविकार, आणि खराब रस्त्यावर सीटबेल्ट न लावता भरधाव सोडलेली गाडी. या गोष्टींवर सिनेमा निघत नाही. कारखान्यात असतं तसं कर्मचाऱ्यांच्या आरोग्य-सुरक्षिततेचं नियोजन, म्हणजे धोक्याची नोंद, तपासणी, उपाय, परत तपासणी, हे संयुक्त राष्ट्रांनी आपल्या स्वतःच्या घरात अधिकृतपणे आणलं ते २०१८ मध्ये. एवढ्या मोठ्या संस्थेला सात दशकं लागली. सगळ्या जगाला कामगार सुरक्षेचे धडे देणारी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना त्याच कुटुंबातली, हे विशेष.

आणि मनाचं काय? ढिगाऱ्यातून सहकाऱ्याला बाहेर काढून दुसऱ्या दिवशी ईमेलला उत्तर देणाऱ्या माणसाचं काय? पूर्वी याला 'नोकरीचा भाग' म्हणायचे. आता समुपदेशक असतात. तरी 'मला झेपत नाहीये' म्हटलं तर पुढची पोस्टिंग जाईल, ही भीती कोणत्या परिपत्रकाने जाते, मला ठाऊक नाही. आमच्या एसी ऑफिसातही जात नाही, तिथे काय जाणार.

परत बगदादकडे येऊ. २२ सप्टेंबरला कनाल हॉटेलजवळ दुसरा स्फोट झाला, एक इराकी सुरक्षारक्षक गेला. २७ ऑक्टोबरला रेड क्रॉसच्या बगदाद कार्यालयावर हल्ला झाला. अन्नान यांनी परदेशी कर्मचाऱ्यांना बाहेर काढलं. बरेचसे शेजारच्या जॉर्डनमध्ये, अम्मानला बसून काम करू लागले. सुरक्षेच्या हिशोबाने निर्णय बरोबर. पण काम थांबलं नव्हतं. ते इराकी सहकाऱ्यांनी चालू ठेवलं, बगदादमध्ये राहून, संध्याकाळी त्याच शहरातल्या आपल्या घरी जाऊन. धोका कमी झाला नाही, हात बदलला.

हे आजही तसंच आहे. द मेलो यांच्या मृत्यूचा दिवस, १९ ऑगस्ट, आता जागतिक मानवतावादी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी दरवर्षी आकडे जाहीर होतात. २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदत कर्मचारी मारले गेले, तोवरचा सगळ्यात मोठा आकडा, त्यातले जवळपास अर्धे गाझामध्ये. आणि यातले बहुतेक लोक बाहेरून आलेले नव्हते. त्याच गावातले, त्याच देशातले होते. त्यांना विमानात बसवून अम्मानला पाठवायची सोय कोणत्याच योजनेत नसते.

त्या इमारतीच्या फोटोंमध्ये एक बाजू पूर्ण कोसळलेली दिसते. उरलेल्या भिंतींमध्ये खिडक्यांच्या नुसत्या चौकटी आहेत, काच एकीलाही नाही.