शोधनिबंधाची कसोटी : बाबासाहेबांच्या लेखनव्यवहाराचा एक अभ्यास

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ग्रंथांतील विचारांविषयी आपल्या नियतकालिकांतून विपुल लेखन झाले आहे. परंतु हे विचार विद्वानांच्या सभेपुढे आणि नियतकालिकांपुढे कसे गेले, त्यासाठी हस्तलिखिताची सिद्धता कशी झाली, कोणत्या सूचना त्यांनी स्वीकारल्या आणि कोणत्या नाकारल्या, याचा विचार क्वचितच झालेला आढळतो. हा विचार केवळ चरित्रविषयक कुतूहलापोटी करावयाचा नाही. आज विहारांशी निगडित संस्थांतून व विद्यापीठांतून आपले अनेक तरुण अभ्यासक समाजशास्त्रीय नियतकालिकांकडे निबंध पाठवीत आहेत. आपल्या लोकांपुढे टाळ्या घेणारे विधान आणि अपरिचित परीक्षकापुढे टिकणारे विधान यांतील अंतर त्यांना पहिल्याच निबंधात जाणवते. या अंतराकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचे उत्तर बाबासाहेबांच्या लेखनव्यवहारातच सापडते.

धम्माच्या परंपरेला परीक्षा नवी नाही. चुल्लवग्गातील पहिल्या संगीतीचा वृत्तान्त पाहावा. राजगृह येथे महाकस्सपांनी उपालींना विनयाविषयी आणि आनंदांना धम्माविषयी प्रश्न विचारले. हा नियम कोठे घालून दिला गेला, कोणाला उद्देशून, कोणत्या प्रसंगी. हे सुत्त कोठे सांगितले गेले, कोणाच्या निमित्ताने, असे त्या प्रश्नांचे स्वरूप होते. आनंद हे पंचवीस वर्षे तथागतांच्या सान्निध्यात राहिलेले, तथापि त्यांनाही स्थळ, व्यक्ती आणि निमित्त सांगावे लागले. महापरिनिब्बानसुत्तातील चार महापदेस याहून पुढे जातात. मी हे प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले असे कोणी म्हटले, तरी त्याचे एकदम स्वागत करू नये आणि धिक्कारही करू नये. ते सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावे आणि मगच निर्णय करावा, अशी ती शिकवण आहे. सांगणाऱ्याच्या अधिकारापेक्षा सांगितलेल्या गोष्टीचा आधार येथे श्रेष्ठ मानला आहे. आधुनिक नियतकालिकांत लेखकाचे नाव झाकून निबंध परीक्षकांकडे पाठविण्याची जी पद्धत आहे, तिचे तत्त्व याहून फार भिन्न नाही.

आता बाबासाहेबांच्या पहिल्या महत्त्वाच्या शोधनिबंधाकडे वळू. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादवर्गात ९ मे १९१६ रोजी त्यांनी 'भारतातील जाती : त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास' या विषयावर निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय २५ वर्षांचे होते. हाच निबंध पुढे 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकाच्या मे १९१७ च्या अंकात प्रसिद्ध झाला. हे नियतकालिक १८७२ साली जेम्स बर्जेस यांनी मुंबईत सुरू केले होते. पश्चिम भारतातील लेण्यांचे सर्वेक्षण करणारे ते हेच बर्जेस. शिलालेख, नाणी, भाषा आणि लोकाचार यांवरील संशोधनाचे ते मान्यवर व्यासपीठ होते. जातिव्यवस्थेने ज्याला पाण्याच्या भांड्यापासून दूर ठेवले, त्या समाजातील एका विद्यार्थ्याने त्याच व्यवस्थेचे शास्त्रीय विवेचन या व्यासपीठावर मांडले, ही घटना लहान नव्हे.

या निबंधाची रचना नवोदित संशोधकाने बारकाईने अभ्यासावी अशी आहे. लेखक प्रथम विषयाची मर्यादा आखून घेतो. जातीविषयी सर्व काही सांगण्याचा त्याचा उद्देश नाही. जात कशी घडली आणि कशी टिकली, एवढाच प्रश्न त्याने घेतला आहे. नंतर सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर या चार विद्वानांच्या व्याख्या तो क्रमाने वाचकांपुढे ठेवतो. सेनार यांनी विटाळाच्या कल्पनेला दिलेले स्थान तो तपासतो. इतरांबरोबर अन्नव्यवहार न करणे हे नेसफील्ड यांनी जातीचे लक्षण मानले, ते कारण नसून परिणाम आहे असे दाखवितो. केतकरांविषयी तो आदराने लिहितो, कारण त्यांनी जातीचा विचार संपूर्ण व्यवस्थेच्या संदर्भात केला. परंतु विवाहबंदी आणि जन्माने मिळणारे सभासदत्व ही त्यांनी सांगितलेली दोन लक्षणे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हेही तो स्पष्ट करतो. पूर्वसूरींचे जे घेण्यासारखे ते घ्यावे, जे उणे ते कारणासह दाखवावे, आणि मगच आपले म्हणणे मांडावे, हा क्रम त्याने कोठेही सोडलेला नाही.

त्यानंतर येतो स्वतःचा सिद्धान्त. बहिर्विवाहाची चाल असलेल्या समाजावर अंतर्विवाहाचे बंधन लादले गेले आणि त्यातून जात निर्माण झाली, असे बाबासाहेब म्हणतात. अंतर्विवाह टिकवावयाचा तर गटातील स्त्री-पुरुषांच्या संख्येत समतोल राखावा लागतो. अतिरिक्त स्त्री आणि अतिरिक्त पुरुष यांचा प्रश्न उभा राहतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढींचा उलगडा ते या एका सूत्रातून करतात. जातींचा प्रसार मनूच्या आज्ञेने झाला नाही. एका वर्गाने आपली दारे बंद केली आणि इतरांनी अनुकरणाने, किंवा बहिष्कृत झाल्यामुळे, तीच वाट धरली, असे सांगताना ते तार्द यांच्या अनुकरणविषयक विवेचनाचा आधार घेतात. समारोपात या विषयातील आपले मत अंतिम आहे असा दावा ते करीत नाहीत. शास्त्रीय चर्चेत भावनेला स्थान नसावे आणि सप्रमाण मतभेद झाल्यास आपला सिद्धान्त सोडण्यासही आपण तयार आहोत, असा भाव तेथे व्यक्त झाला आहे. विषय त्यांच्या जिवाच्या जवळचा होता, तरी मांडणीत त्यांनी वेदनेला पुराव्याच्या जागी बसविले नाही. या निबंधाचे बळ येथे आहे.

१९१७ साली मायदेशी परतताना त्यांचे ग्रंथ व सामान घेऊन येणारे जहाज युद्धात टॉर्पेडोने बुडाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. नियतकालिकात छापला गेलेला हा निबंध मात्र सुरक्षित राहिला. १९७९ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन आणि भाषणे या मालेच्या पहिल्या खंडात तो समाविष्ट झाला.

१९१८ साली 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी'च्या पहिल्या खंडात त्यांचे दोन लेख आले. भारतातील लहान शेतजमिनींवरील लेखात त्यांनी पुन्हा व्याख्येपासूनच सुरुवात केली. जमिनीचा तुकडा किफायतशीर आहे की नाही हे कुटुंबाच्या उपभोगावरून ठरविणे चूक असून श्रम, भांडवल आणि जमीन या उत्पादनसाधनांच्या परस्पर प्रमाणावरून ते ठरविले पाहिजे, असा मुद्दा त्यांनी मांडला आणि शेतीवरील अतिरिक्त लोकसंख्येला उद्योगधंद्यांकडे वळविणे हा उपाय सुचविला. दुसरा लेख बर्ट्रंड रसेल यांच्या समाजरचनेवरील ग्रंथाचे परीक्षण होता. मोठ्या तत्त्वज्ञाचा ग्रंथही आदराने पण चिकित्सेने वाचावयाचा असतो, याचा तो नमुना आहे.

हस्तलिखितात बदल करण्याची सूचना आली तर काय करावे? या प्रश्नाची दोन उत्तरे त्यांच्या चरित्रात आहेत आणि ती एकत्र वाचली पाहिजेत. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी लंडन येथे सादर केला, तेव्हा परीक्षकांनी निष्कर्ष न बदलता तो पुन्हा लिहावा असे सुचविले, अशी नोंद धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथात आहे. बाबासाहेबांनी मुंबईत येऊन प्रबंधाचे पुनर्लेखन केले, तो पुन्हा सादर केला, आणि १९२३ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याला प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी काही मतांशी असहमती नोंदवूनही विवेचनातील ताजेपणाचे स्वागत केले. गुरू आणि शिष्य यांच्यातील मतभेद असा ग्रंथाच्या पहिल्याच पानांवर छापला गेला.

दुसरे उदाहरण १९३६ सालचे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणातील काही भाग गाळावा असा आग्रह धरला, तेव्हा एक स्वल्पविरामही बदलण्यास त्यांनी नकार दिला. परिषद रद्द झाली आणि भाषण त्यांनी स्वखर्चाने प्रसिद्ध केले. एके ठिकाणी पुनर्लेखन आणि दुसऱ्या ठिकाणी संपूर्ण नकार, यात विसंगती नाही. परीक्षकांची सूचना मांडणीविषयी होती. मंडळाचा आग्रह श्रोत्यांच्या सोयीसाठी सत्य झाकण्याचा होता. पुरावा, तर्क किंवा भाषा सुधारण्यासाठी आलेली सूचना कितीही कठोर असली तरी स्वीकारावी. निष्कर्ष अप्रिय आहे एवढ्याच कारणाने आलेली सूचना नाकारावी. स्वेच्छेने फेरलेखन करण्याची तयारी मात्र त्यांच्यापाशी सदैव होती. 'जातिनिर्मूलना'च्या १९४४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत, १९१७ चा निबंध त्यात गुंफून संपूर्ण पुस्तकाची नव्याने मांडणी करण्याचा आपला मानस होता, पण त्यास सवड मिळाली नाही, असे त्यांनी नमूद केले आहे.

याच संदर्भात आपल्याला अत्यंत प्रिय असलेल्या एका विषयाचा उल्लेख केला पाहिजे. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीच्या प्रतिष्ठापनेच्या प्रसंगी, पंढरपूरची मूर्ती मूळची बुद्धाची आहे असे मत बाबासाहेबांनी व्यक्त केले. हे मत आपण सत्तर वर्षे सभांतून सांगत आलो आहोत. परंतु त्याच भाषणातील दुसरा भाग आपण सहसा सांगत नाही. या विषयावर प्रबंध लिहून तो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळापुढे वाचावयाचा, असा त्यांचा विचार होता. हजारो अनुयायी आपले म्हणणे शिरोधार्य मानतील हे ठाऊक असूनही, सहमती गृहीत धरता येणार नाही अशा विद्वानांच्या सभेपुढे ते मांडण्याची त्यांची इच्छा होती. तो प्रबंध पूर्ण झाला नाही.

आज हा विषय हाती घेणाऱ्या अभ्यासकाला रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा १९८४ सालचा ग्रंथ डावलून पुढे जाता येणार नाही. ढेरे यांनी विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले आहे. बाबासाहेबांनी सेनार आणि केतकर यांना जसे उत्तर दिले, तसे ढेरे यांच्या प्रत्येक पुराव्याला उत्तर द्यावे लागेल. मूर्तिलक्षणे, शिलालेख आणि संतसाहित्यातील उल्लेख स्वतंत्रपणे तपासावे लागतील. आणि पुरावा अपुरा पडेल तेथे तसे लिहावे लागेल. बाबासाहेबांनी म्हटले आहे, हे वाक्य विहारात पुरेसे असेल. शोधनिबंधात ते महापदेसांतील पहिल्या विधानासारखे आहे, म्हणजे ताडून पाहण्याच्या प्रक्रियेचा आरंभ आहे.

या विवेचनावरून हस्तलिखित सिद्ध करण्याचे काही नियम हाती येतात. निबंधाचा प्रश्न एकच असावा आणि तो पहिल्या पानावर स्पष्ट व्हावा. ज्या नियतकालिकाकडे निबंध पाठवावयाचा, त्याचे मागील काही अंक वाचून शब्दमर्यादा, गोषवारा आणि संदर्भ देण्याची रीत पाहून घ्यावी. तिपिटकाचा आधार देताना निकाय, सुत्त आणि वापरलेली आवृत्ती यांचा निर्देश करावा. कार्ले, जुन्नर वा नाशिक येथील लेखाचा आधार घेताना ल्यूडर्स यांच्या सूचीतील क्रमांक द्यावा. निबंध एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवावा. परीक्षणासाठी पाठवावयाच्या प्रतीत आपले नाव किंवा ओळख पटेल असा मजकूर राहू देऊ नये. परीक्षकांचे अभिप्राय आले म्हणजे प्रत्येक मुद्द्याला क्रमाने लेखी उत्तर द्यावे. काय बदलले ते सांगावे आणि जे बदलले नाही त्याचे कारण द्यावे. निबंध परत आला तर तो अपमान समजू नये. अभिप्राय पुनःपुन्हा वाचून निबंध सुधारावा. पैसे घेऊन काही दिवसांत, कोणत्याही परीक्षणाविना छापणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला मात्र जाऊ नये. तेथे छापलेला निबंध लेखकाच्या यादीत भर घालतो, ज्ञानात नव्हे.

आपला इतिहास इतरांनी लिहिला आणि विपर्यस्त लिहिला, ही तक्रार खरी आहे. तिचे उत्तर त्याच नियतकालिकांत, त्यांच्याच नियमांनी आणि अधिक काटेकोर पुराव्यानिशी द्यावे लागेल. २५ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने १९१६ साली हे करून दाखविले. त्याच्या मार्गाने जाणाऱ्यांनी आपल्या प्रियतम मतांनाही परीक्षेपुढे उभे करण्याचे धैर्य अंगी बाणवावे, एवढीच अपेक्षा आहे.