पाट्या वाचून शिकलेला कवी

नाशिकचा कवी कोण, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं... कुसुमाग्रज. त्यात चूक काहीच नाही. तात्यासाहेबांच्या गावात वाढल्याचा अभिमान मलाही आहे. पण आज लिहायचंय ते याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका कवीबद्दल. ते मला पुस्तकातून भेटलेच नाहीत. भेटले ते १४ एप्रिलच्या आसपास गल्लीत लागणाऱ्या कर्ण्यावरून. वामनदादा कर्डक.

१५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत त्यांचा जन्म झाला. ते सात वर्षांचे असताना, २ मार्च १९३० ला, नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तेरा वर्षांचे असताना, १३ ऑक्टोबर १९३५ ला, बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. दोन्ही गोष्टी याच जिल्ह्यात घडल्या. पुढे हजारो गाणी ज्या मातीतून उगवली ती ही माती.

पोटासाठी ते मुंबईला गेले. कोळशाच्या वखारीत राबले, खडी फोडली, चिक्की विकली. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. चाळीत कुणीतरी पत्र वाचून दाखवायला दिलं, वाचता येईना, आणि या तरण्याताठ्या माणसाला रडूच कोसळलं. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी मुळाक्षरं गिरवली. पुढचं वाचन दुकानांच्या पाट्यांवरून! ३ मे १९४३ ला त्यांनी पहिलं गाणं लिहिलं, तेही एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर केलेलं विडंबन.

मला वाटतं, त्यांच्या साधेपणाचं मूळ इथे आहे. अक्षर नसलं की माणूस कसा कोंडतो हे त्यांनी सोसलं होतं. समोर बसलेल्या कितीतरी जणांना वाचता येत नव्हतं, हेही त्यांना ठाऊक होतं. छापील कविता दोनदा वाचता येते हो, पण गाणं पहिल्या फटक्यात कळावं लागतं, तेही मंडपात शेवटी बसलेल्या म्हातारीला. म्हणून चाल ओळखीची, शब्द रोजच्या बोलण्यातले. आणि शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा, संतांच्या अभंगात असते तशी. कव्वालीची फेक त्यांनी घेतली, गझलाही लिहिल्या, पण भाषा बाजारातली आणि शेतातलीच ठेवली.

साधं बोलणारा माणूस गोडच बोलतो असं नाही. देशातल्या धनाढ्यांची नावं घेऊन, आमचा वाटा कुठे आहे, असं त्यांनी गाण्यातून खडसावून विचारलं. आणि बाबासाहेबांच्या पश्चात चळवळीत गट पडत गेले, तेव्हा आपल्याच पुढाऱ्यांनाही सोडलं नाही. याला जास्त धैर्य लागतं असं मला वाटतं. श्रीमंताला चार शब्द सुनावले की टाळ्या पडतात. घरच्यांना सुनावले की पुढच्या वर्षीची सुपारी जाते.

'वाटचाल', 'मोहळ' असे त्यांचे संग्रह निघाले. पण त्यांची गाणी खरी पसरली ती गायन पार्ट्यांमधून आणि कॅसेटमधून. गावोगावच्या गायकांनी ती उचलली. कित्येकांना ओळी पाठ असतात, कुणाच्या ते सांगता येत नाही. कबीरही असाच पसरला, आधी लोकांच्या गळ्यातून, कागदावर नंतर.

अशा माणसाला आपण 'लोकशाहीर' म्हणतो, 'गीतकार' म्हणतो. 'कवी' म्हणताना मात्र जरा अडखळतो. मला हा अडखळा खटकतो. ज्यांच्या ओळी ऐकून एखाद्या बापाने पोरीला शाळेत घातलं असेल, दारूचा पेला खाली ठेवला असेल, त्यांना कवी म्हणायला आणखी कुठला दाखला हवा?

१५ मे २००४ ला नाशकातच वामनदादा गेले. एप्रिल आला की कर्ण्यावर ते अजून असतातच. यंदा आवाज फार होतो म्हणून खिडकी लावण्याआधी, मंडळी, एक गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत ऐका. तिथे त्यांचं नाव येतं.