राबापासून जीवामृतापर्यंत : जुन्नर-आंबेगावातील सेंद्रिय शेतीची पूर्वपीठिका

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत घाटमाथ्यावरून पूर्वेच्या सपाटीकडे येताना पाऊस झपाट्याने घटतो आणि शेतीचा इतिहासही त्याबरोबर बदलतो. पश्चिमेकडील आहुपे-भीमाशंकर परिसरातील महादेव कोळी शेतकरी भाताच्या रोपांसाठी ‘राब’ भाजत आले. म्हणजे उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा व वाळले गवत यांचे थर रचून, वर बारीक माती पसरून ते पेटवायचे, म्हणजे तणाचे बी जळते आणि राख रोपांना लागते. उतारावर बांध घालून खाचरे काढणे एका घराला झेपणारे नसल्याने ते ‘पडकई’ने, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या रानात राबून, होई. मात्र ही शेती रसायनांविना होती ती परिस्थितीमुळे. निवडीचा प्रश्न तेव्हा उद्भवलाच नव्हता.

तो उद्भवला पूर्वेकडे. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे या कुकडी प्रकल्पातील धरणांमुळे पाटपाणी आले, त्यामागून ऊस, द्राक्षे, कांदा आणि नारायणगावच्या बाजारात जाणारा टोमॅटो आला, आणि या नगदी पिकांसोबत रासायनिक खते व फवारण्या शेताच्या हिशेबात कायमच्या बसल्या. खर्च वाढला, जमिनीतील सेंद्रिय कर्बाची चिंता वाढली, आणि 2003 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश आढळल्यावर फवारणीची किंमत बाजारही मोजायला लावतो, हे द्राक्ष उत्पादकांना कळून चुकले.

म्हणूनच सेंद्रिय शेतीकडे वळण्यामागे आरोग्याच्या काळजीइतकाच उत्पादनखर्चाचा विचार असतो. सुभाष पाळेकरांनी प्रचारात आणलेले जीवामृत, म्हणजे 200 लिटर पाण्यात 10 किलो देशी गाईचे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती मिसळून आंबवलेले द्रावण, गोठा असलेल्या घराला जवळजवळ फुकट पडते. अडचण असते ती प्रमाणपत्रापूर्वीच्या संक्रमणकाळाची, कारण या दोन-तीन वर्षांत उत्पन्न घटू शकते आणि सेंद्रिय मालाचा भाव मिळत नाही. 2015 पासूनच्या परंपरागत कृषी विकास योजनेने या काळासाठी शेतकऱ्यांचे गट करून अर्थसाहाय्य दिले, तर प्रमाणपत्राच्या सहभाग हमी पद्धतीत गटातील शेतकरीच एकमेकांच्या शेताची तपासणी करतात.

एकट्याला न पेलणारा भार वाटून घेण्याची ही रीत पडकईचीच आहे. हिशेब शेतकऱ्याला सेंद्रिय शेतीकडे आणतो, पण तिथे टिकवून धरतो तो गट. म्हणून अनुदानाइतकीच या गटांची जपणूक झाली पाहिजे.