वायुप्रवाह आणि द्रवपृष्ठ

वाहत्या वायूमुळे द्रवाच्या पृष्ठभागाची गती आणि आकार बदलण्याची क्रिया. तळ्यावरचे तरंग, समुद्राच्या लाटा, पावसाच्या थेंबाचे फुटणे ही सारी तिचीच रूपे. नवी मुंबईत ती पाहायची तर पावसाळ्यात खारघरच्या डोंगरावरून कोसळणारा पांडवकडा लांबून न्याहाळावा.

या धबधब्याची उंची सुमारे १०७ मीटर. हवेचा अडथळा नसता, तर माथ्यावरून सुटलेले पाणी पावणेपाच सेकंदांत, ताशी १६५ किलोमीटर वेगाने खाली आदळले असते. हवा तसे होऊ देत नाही. धारेच्या कडा थरथरतात, पदर सुटतात, पदरांचे थेंब होतात आणि थेंबांचे तुषार.

थेंब फुटतो कसा, हे फार देखणे आहे. समोरून येणारी हवा त्याला चपटा करते, तर पृष्ठताण त्याला गोल राखू पाहतो. या दोन बलांचे गुणोत्तर म्हणजे वेबर अंक. तो साधारण १२ च्या वर गेला की पृष्ठताण हरतो. ५ मिलिमीटरचा थेंब फोडायला सेकंदाला सुमारे १२ मीटर वेगाची हवा पुरते. चपटा झालेला थेंब मध्यभागी छत्रीसारखा फुगतो, पडदा फाटतो आणि काठाच्या जाड कड्याचेही तुकडे होतात. फ्रान्सच्या विलेरमो आणि बोसा यांनी २००९ मध्ये दाखवले, की पावसात लहानमोठे थेंब एकत्र असतात, त्याचे मूळ अशा फुटण्यात आहे.

सपाट पाण्यावरचा प्रकार वेगळा. हवा आणि पाणी निरनिराळ्या वेगाने सरकू लागले की त्यांची सीमा अस्थिर होते, हे हेल्महोल्ट्झ (१८६८) आणि केल्विन (१८७१) यांनी मांडले. त्यांच्या गणिताप्रमाणे लाटा उठायला सेकंदाला साडेसहा मीटरचा वारा हवा. खारघरलगतच्या खाडीवर मात्र त्याहून मंद झुळुकीनेही तरंग दिसतात. ही तफावत बराच काळ सुटली नव्हती. १९५७ मध्ये फिलिप्स यांनी वाऱ्यातील दाबाच्या चढउतारांकडे, तर माइल्स यांनी उंचीनुसार बदलणाऱ्या वाऱ्याच्या वेगाकडे बोट दाखवले.

सह्याद्रीत नाणेघाट आणि आंबोलीचे कावळेसाद येथे ‘उलटा धबधबा’ पाहायला गर्दी लोटते. नैर्ऋत्येचा वारा कड्यावर आपटून वर वळतो आणि कोसळणारे पाणी परत वर नेतो. पण तो अखंड धार उचलत नाही; आधी तिचे थेंब व्हावे लागतात. १ मिलिमीटरचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम ४ मीटर वेगाने पडतो, ५ मिलिमीटरचा सुमारे ९ मीटरने. वर चढणारा वारा याहून वेगवान असला की पाणी माथ्यावर परत येते. जोराच्या सरींनी ओढा भरून धार जाड झाली, की तेवढ्याच वाऱ्यातही बरेचसे पाणी दरीतच पडते.