गोचिडीचा ताप आणि त्वचेची साक्ष

१/ १९४४ चा उन्हाळा. काळ्या समुद्रातील क्रिमियाचा द्वीपकल्प जर्मन ताब्यातून नुकताच मुक्त झाला होता. ओस पडलेल्या शेतांत कापणीच्या कामाला शेतकऱ्यांच्या मदतीस सोव्हिएत सैनिक उतरले. थोड्याच दिवसांत त्यांच्यात एक अनोळखी ताप दिसू लागला. आधी चेहरा आणि डोळे लाल, मग अंगावर रक्ताचे बारीक ठिपके, आणि पाठोपाठ मोठे काळेनिळे डाग. सुमारे २०० जण आजारी पडले.

२/ डॉक्टरांनी या आजाराला सुरुवातीला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘केशवाहिन्यांची तीव्र सांसर्गिक विषबाधा’ असा होतो. केशवाहिन्या म्हणजे शरीरातील सर्वांत बारीक रक्तवाहिन्या. कारण ठाऊक नव्हते, म्हणून त्वचेवर जे दिसले त्यावरूनच नाव पडले. गोचिडींमुळे पसरणाऱ्या विषाणूजन्य तापांच्या इतिहासात हे वारंवार घडले आहे. त्वचा साक्ष देते, पण उशिरा आणि अर्धीच.

३/ मध्य आशियाला हा ताप नवा नव्हता. बाराव्या शतकात अल्-जुर्जानी या वैद्याने ‘जखीरा-ए-ख्वारझमशाही’ या फारसी ग्रंथात एका रक्तस्रावी आजाराचे वर्णन केले. लघवीतून, हिरड्यांतून, उलटीतून आणि थुंकीतून रक्त जाते, असे तो लिहितो; आणि त्याचा संबंध एका पक्ष्याच्या अंगावर राहणाऱ्या, उवेसारख्या किंवा गोचिडीसारख्या किड्याशी जोडतो. क्रिमियातील तापाची ही सर्वांत जुनी नोंद असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

४/ दक्षिण उझबेकिस्तानातील लोकभाषेत या आजाराला तीन नावे होती. एकाचा अर्थ ‘रक्त घेणारा’, दुसऱ्याचा ‘घोळणा फुटणे’ आणि तिसऱ्याचा ‘काळा मृत्यू’. तिन्ही नावे डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांची आहेत. लोकांनी आजार अचूक ओळखला होता. तो येतो कुठून, हे मात्र त्या नावांत नव्हते.

५/ या खुणा उमटतात कशा? विषाणूच्या हल्ल्यात रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला इजा होते, रक्त गोठवणाऱ्या बिंबिका (प्लेटलेट) झपाट्याने घटतात आणि गोठण्याची सारी यंत्रणा कोलमडते. मग रक्त वाहिनीबाहेर झिरपते. थोडे झिरपले तर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, अधिक झिरपले तर काळानिळा डाग. साधे लाल पुरळ बोटाने दाबले की क्षणभर फिके पडते. हे ठिपके पडत नाहीत, कारण ते रक्त वाहिनीत उरलेलेच नसते. जिथे सुई टोचली तिथे डाग हमखास पसरतो.

६/ येथे एक गल्लत टाळायला हवी. गोचीड चावल्यावर त्वचेवर उठणारे आणि हळूहळू मोठे होत जाणारे लाल वर्तुळ अनेकांनी चित्रांत पाहिलेले असते. ती लाइम आजाराची खूण. लाइम हा जिवाणूंमुळे होतो आणि प्रतिजैविकांनी बरा करता येतो. क्रिमियातील तापाची गोचीड असे वर्तुळ मागे ठेवत नाही. तिचा चावा बहुधा कळतही नाही, आणि त्वचा बोलू लागते ती आजार बळावल्यावर.

७/ मग १९४४ मध्येच उद्रेक का झाला? याचे उत्तर युद्धात होते. जर्मन ताब्याच्या काळात शेते पडीक राहिली, शिकार थांबली आणि सशांची संख्या बेसुमार वाढली. हायलोमा जातीच्या गोचिडीची पिल्ले सशांवर पोसतात, प्रौढ गोचिडी गुराढोरांवर. ससे वाढले तशा गोचिडी वाढल्या, आणि त्याच रानात सैनिक आले. सैनिकांच्या अंगावरील डागांमागे दोन-तीन वर्षांच्या उजाड शेतीचा इतिहास होता.

८/ ही साखळी उलगडण्यासाठी सोव्हिएत शास्त्रज्ञांची मोहीम गेली. तिचे प्रमुख होते मिखाइल चुमाकोव्ह. १९३७ मध्ये अतिपूर्वेच्या जंगलांत गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचा अभ्यास करताना त्यांना स्वतःलाच तो आजार झाला होता. त्यात त्यांची श्रवणशक्ती गेली आणि उजवा हात कायमचा अधू झाला. गोचीड काय करू शकते, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

९/ या मोहिमेचा एक भाग आज अस्वस्थ करतो. आजार विषाणूमुळेच होतो हे सिद्ध करण्यासाठी, ज्यांच्यावर कृत्रिम तापाचे उपचार चालू होते अशा मनोरुग्णांना बाधित रक्ताचा गाळलेला अंश टोचण्यात आला. त्यांना ताप आला आणि सिद्धांत खरा ठरला. त्यांच्या संमतीला त्या हिशेबात जागा नव्हती. विज्ञानाच्या इतिहासात ही बाजूही नोंदवावीच लागते.

१०/ १९५६ मध्ये हजारो किलोमीटर दूर, बेल्जियन काँगोत तापाने आजारी असलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलाच्या रक्तातून एक विषाणू वेगळा करण्यात आला. त्याचा क्रिमियाशी संबंध असेल, असे तेव्हा कोणालाही वाटले नाही. १९६९ मध्ये अमेरिकेच्या येल विद्यापीठात जोर्डी कासाल्स यांनी दोन्ही विषाणू एकच असल्याचे दाखवले. ‘क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप’ हे जोडनाव त्यातून आले.

११/ भारतात गोचिडींच्या दुसऱ्याच विषाणूने आधी दार ठोठावले. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि भोवतालच्या गावांत ताप पसरला. आधी संशय आला पीतज्वराचा. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) विषाणू वेगळा केला, तेव्हा तो सायबेरिया आणि रशियाच्या जंगलांतील गोचिडींच्या विषाणूंचा नातलग निघाला.

१२/ या क्यासनूर तापात, म्हणजे माकडतापात, त्वचा जवळजवळ गप्प राहते. डोळे लाल होतात, तोंडात टाळूवर बारीक फोड येतात, काहींच्या हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. अंगावर पुरळ मात्र सहसा उठत नाही. येथे पहिली खबर मेलेले माकड देते. गेल्या दशकात हा ताप गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. काजूच्या हंगामात बागांत राबणाऱ्यांना त्याची झळ बसली. हंगाम आणि गोचिडींचा काळ एकच असतो.

१३/ क्रिमियन-काँगो ताप भारतात प्रथम निश्चित झाला तो जानेवारी २०११ मध्ये, अहमदाबाद जिल्ह्यातील साणंद तालुक्यात. निदान पुण्याच्याच संस्थेने केले, पण तोवर पहिल्या रुग्ण स्त्रीचा मृत्यू झाला होता. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि शुश्रूषा करणारी परिचारिका यांनाही संसर्ग झाला आणि दोघेही दगावले. हा विषाणू रुग्णाच्या रक्तातूनही पसरतो. रक्तस्राव हे लक्षण म्हणून ओळखले जाण्याआधीच तो संसर्गाची वाट बनलेला असतो.

१४/ आणखी एक मुद्दा. लाल ठिपक्यांची ठसठशीत वर्णने बहुधा गोऱ्या कातडीवरून लिहिली गेली. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर तेच ठिपके सहज नजरेतून सुटतात. तेथे टाळू, डोळ्यांचा पांढरा भाग आणि सुई टोचल्याची जागा नीट पाहावी लागते. आणि ज्या गाई-मेंढ्यांवरून ही गोचीड येते, त्यांच्या अंगावर आजाराची कोणतीच खूण नसते.

१५/ म्हणून अशा तापात ‘अंगावर काय उठले आहे?’ या प्रश्नाच्या आधी काही साधे प्रश्न येतात. रुग्ण रानात गेला होता का? गुरे राखतो का? कत्तलखान्यात काम करतो का? आसपास माकडे मेली का? अल्-जुर्जानीने नऊशे वर्षांपूर्वी रक्ताबरोबर किड्याचीही नोंद केली होती. क्रिमियात चुमाकोव्ह सैनिकांच्या डागांवरून सशांपर्यंत गेले. साणंदमध्ये हे प्रश्न वेळेवर पुढे आले नाहीत, आणि त्याची किंमत सेवा करणाऱ्यांनी मोजली.

(समाप्त)