वत्सगुल्माचा काळा पाषाण आणि समुद्राखालील पर्वत

१/ वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. त्या लेण्याचा लेख आपण वाचतो. पण लेख ज्या पाषाणावर आहे, त्याचा इतिहास? त्याचा पुढचा भाग समुद्रतळाशी आहे. #थ्रेड

२/ वाशीम असो वा अजिंठा, पायाखाली एकच खडक : दख्खनचा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला आणि थरांवर थर साचले. आजही त्यांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे.

३/ त्या वेळी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस, आजच्या रियुनियन बेटाच्या परिसरात होती. खालचा तप्त स्रोत जवळपास जागीच राहिला. वरचे भूपट्ट मात्र उत्तरेकडे सरकत गेले. दिव्यावरून कागद सरकवावा आणि त्यावर काजळीची रेघ उमटावी, तसे घडले.

४/ ती रेघ म्हणजे लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस यांना पाठीवर घेणारी समुद्राखालची पर्वतरांग. १९८७ साली सागरतळाला छिद्रे पाडून खडक काढले गेले. मालदीवजवळचा खडक सुमारे ५.७ कोटी वर्षांचा, छागोसजवळचा सुमारे ४.९ कोटी वर्षांचा निघाला. दक्षिणेकडे जावे तसे वय घटते. रियुनियनवरील ज्वालामुखी आजही जागृत आहे.

५/ छागोसपुढे ही रांग तुटते, कारण मध्ये दुसऱ्या जातीचा पर्वत येतो. येथे भूपट्ट एकमेकांपासून दूर सरतात, फटीतून शिलारस वर येतो आणि नवा सागरतळ घडतो. अशा मध्यसागरी रांगा जगभर सुमारे ६५,००० किलोमीटर पसरल्या आहेत. अरबी समुद्रातील त्यांचा भाग म्हणजे कार्ल्सबर्ग रांग.

६/ हे नाव डेन्मार्कच्या ‘डाना’ मोहिमेने (१९२८-३०) दिले. पुढे १९३३-३४ मध्ये सेमूर स्यूएल यांच्या नेतृत्वाखाली ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजाने येथे प्रतिध्वनीने खोली मोजली. रांगेच्या माथ्यावर लांबच लांब दरी आढळली. पर्वताच्या शिखरावर दरी कशी, याचे समाधानकारक उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हते.

७/ उत्तर १९६३ साली मिळाले. केंब्रिजचा विशीतला संशोधक फ्रेड वाइन आणि त्याचे मार्गदर्शक ड्रमंड मॅथ्यूज यांनी याच रांगेवरील चुंबकीय मोजमापे अभ्यासली. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात. निवणारा खडक त्या त्या वेळची दिशा जपून ठेवतो. त्यामुळे दरीच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट पट्टे उमटतात. माथ्यावरची दरी म्हणजे तळ फाकण्याची जागा!

८/ हीच लिपी आपल्या पाषाणातही आहे. १९५०च्या दशकात पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटाने दख्खनच्या बेसाल्टचे चुंबकत्व तपासले. त्याचा कल आजच्या अक्षांशाशी जुळेना. तो दक्षिण गोलार्धाकडे बोट दाखवत होता. खंड सरकतात, हे बहुतेकांना अमान्य असतानाचा हा पुरावा आहे.

९/ ताम्रपटातील दान कोणाला दिले, हे आपण अक्षरांवरून ठरवतो. ही भूमी कोठून आली, हे त्याच प्रदेशातील दगड सांगतो. साधन म्हणून दोन्ही सारखीच मोलाची आहेत. म्हणून वत्सगुल्माचा इतिहास लिहिताना पहिले पान राजवंशाचे नको, पाषाणाचे हवे.