पदवी हातात, पगार नाही : रमाईच्या घरातली सहा वर्षं



आपल्या गटाच्या कर्जाच्या वहीत एक रकाना असतो, 'कर्जाचं कारण'. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या वह्या काढून बघितल्या तर त्यात बियाणं, खत, दवाखाना, लग्न, शेळी, घराचे पत्रे अशी कारणं दिसतात. आता त्यात आणखी काही कारणं सारखी यायला लागली आहेत. मुलाचा क्लास, मुलीच्या खोलीचं भाडं, परीक्षेचा फॉर्म. पोरगा बी.ए. झाला, पोरगी डी.एड. झाली, पण नोकरी लागलेली नाही आणि जवळचे पैसे संपत आलेत. नाशिकला, पुण्याला खोली करून राहिलेलं लेकरू फोनवर 'बरं आहे' म्हणतं, आणि आईला आवाजावरूनच कळतं की त्यानं एका वेळची खानावळ बंद केली आहे.

असे दिवस आधीही लोकांनी काढले आहेत. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत परळच्या चाळीत एक घर होतं. त्या घरातल्या तरुणाकडे अमेरिकेची पदवी होती, आणि तरी घरात पैसा नव्हता. ते घर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. बाबासाहेबांचं मोठेपण आपण १४ एप्रिलला ऐकतोच. आज आम्ही सांगणार आहोत ती १९१७ ते १९२३ ही सहा वर्षं, कारण त्या वर्षांत ते आपल्या पोरांसारखेच काम शोधत होते. आणि ती वर्षं रमाईंनी कशी काढली, हेही सांगायचं आहे.

त्याआधी थोडं मागे जाऊ. भीमरावांचे वडील रामजी सुभेदार हे लष्करातून निवृत्त झालेले. पेन्शन थोडी, घरात माणसं बरीच. मुलाला पुस्तकाचं वेड, आणि पुस्तक घ्यायला हातात पैसे नसले की सुभेदार लग्न झालेल्या लेकींच्या घरी जात. लेक अंगावरचा दागिना काढून देई, तो सावकाराकडे गहाण पडे, पुस्तक घरी येई, आणि पेन्शन आली की दागिना सोडवून लेकीला परत जाई. आपल्याकडे मुलाच्या फीसाठी आईची चांदीची साखळी गहाण पडते तसंच हे. पुस्तकावर नाव भीमरावाचं होतं, पण दागिने बहिणींचे होते. त्या बहिणींची नावं मंजुळा आणि तुळसा. त्यांची नावं फार कुणी घेत नाही म्हणून इथे मुद्दाम घेतली.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी कॉलेजसाठी महिना २५ रुपये दिले. पुढे १९१३ साली अमेरिकेला जायला तीन वर्षांसाठी शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड. त्याबदल्यात करार झाला की शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला वडील वारले होते. म्हणजे घराचा कर्ता माणूस गेला आणि मुलगा सातासमुद्रापार. रमाबाई तेव्हा अगदी तरुण, पदरी लहानगा यशवंत. दापोलीजवळच्या वणंद गावची ही मुलगी. तिचे वडील दाभोळच्या बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचे. लग्न झालं तेही मुंबईत भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा बाजार उठल्यावर.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमराव १९१५ साली एम.ए. झाले. तिथून १९१६ मध्ये लंडनला गेले, तिथे अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी दोन्ही सुरू केली. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. पुस्तकं भरलेलं त्यांचं सामान ज्या जहाजावर होतं ते जहाज पाणतीराने बुडालं. सामानाची भरपाई म्हणून कुक कंपनीकडून सहाशे रुपये मिळाले. त्यातले काही रमाबाईंच्या हाती घरखर्चाला ठेवले आणि उरलेले घेऊन ते बडोद्याला नोकरीवर निघाले. परदेशी शिकून आलेल्या माणसाला नोकरीच्या गावाला जायचं भाडं अशा रीतीने जमवावं लागलं.

बडोद्याला काय झालं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. महाराजांनी हुद्दा मोठा दिला होता. पण शिपाई फायली लांबूनच टेबलावर टाकायचे, कचेरीत प्यायला पाणी मिळायचं नाही. राहायला खोली तर कुणी देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, दिवसाला दीड रुपया. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा माणसं काठ्या घेऊन दारात आली. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर, म्हणाले. भीमराव दोन मित्रांना भेटले. एक म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारून सांगतो. (नकार स्वतः द्यायचा आणि नाव बायकोचं पुढे करायचं, ही पद्धत जुनीच दिसते.) रात्री नऊच्या गाडीला वेळ होता, तोवर पाच तास ते कामाठी बागेत बसून राहिले. पुढे अठरा वर्षांनी हा प्रसंग लिहितानासुद्धा डोळ्यांत पाणी येतं, असं त्यांनी म्हटलंय. दहा वर्षांच्या नोकरीचा करार होता, आणि परतीची गाडी इतक्या लवकर धरावी लागली.

आता बघा, इथे शिक्षण कमी पडलं का? हुशारी कमी पडली का? पोरगा नोकरीविना घरी बसला की गावात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'यानेच नीट अभ्यास केला नसेल.' कधीकधी ते खरंही असतं. पण दरवेळी दोष पोराचाच असतो असं धरून चालायला आम्ही तयार नाही. जागा शंभर असतात आणि फॉर्म हजारांनी जातात. आश्रमशाळेत शिकलेल्या मुलीला शहरात खोली मागायला गेल्यावर आडनाव विचारतात, गाव विचारतात, घरी काय काय शिजवता तेही विचारतात. आमच्या गटांतल्या मुलींनी हे आम्हाला सांगितलंय.

मुंबईला परत आल्यावर भीमरावांनी मिळेल ते काम धरलं. दोन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या घेतल्या. व्यापारी लोकांना शेअर्सबद्दल सल्ला द्यायची एक लहानशी कंपनी काढली. अर्थशास्त्रातला एवढा शिकलेला माणूस, सल्ला चांगलाच असणार. गिऱ्हाईक यायलाही लागलं. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक बंद झालं आणि कंपनीही बंद पडली. एका पारशी गृहस्थाचा हिशोब आणि पत्रव्यवहार लिहायचंही काम केलं. हे सगळं चाललं होतं ते महायुद्धाच्या महागाईचे दिवस होते, आणि १९१८ साली तर मुंबईत इन्फ्लुएंझाची मोठी साथ आली. त्या चाळीत रोजचं पीठ-मीठ कसं येत असेल याचा विचार केला की आपल्यासारख्या बाईला फार समजावून सांगावं लागत नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली, पगार महिना ४५० रुपये. नोकरी तात्पुरती, पण त्या काळात ही मोठी रक्कम. तिथेही पिण्याच्या पाण्याच्या माठावरून सोबतच्या काही प्राध्यापकांनी हरकत घेतलीच. आम्हाला मात्र यातलं वेगळं काही सांगायचं आहे. ४५० रुपये यायला लागल्यावर घर बदललं नाही. परळचीच चाळ, त्याच दोन खोल्या. घरखर्चाला ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती द्यायची आणि बाकीचे लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला बाजूला टाकायचे, असं चाललं. म्हणजे बचत पगारातून झाली हे खरं, पण ती शक्य झाली ती ठरलेल्या पैशांत घर भागवणाऱ्या बाईमुळे. वर्षभर मिरची, तेल, जळण सगळं मोजून वापरलं तेव्हा ते पैसे उरले. कुणाच्याही चरित्रात ही मोजणी पानभर लिहिलेली सापडायची नाही.

१९२० च्या मार्चमध्ये ती नोकरी संपली. जुलैमध्ये भीमराव पुन्हा लंडनला निघाले. जवळ स्वतःची बचत होती, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती, आणि नवल भथेना नावाच्या पारशी मित्राकडून घेतलेलं पाच हजार रुपये कर्ज होतं. बडोद्यात काठ्या घेऊन आलेले पारशी आणि मुंबईत कर्ज देणारा मित्रही पारशीच. माणसं जातीवरून ओळखू नयेत ते यासाठीच.

लंडनला खाण्याचे हाल होते. घरमालकीण हात आखडून वाढायची. दिवसभर ग्रंथालयात बसायचं, दुपारचं जेवण बहुतेक नाहीच, आणि रात्री भूक लागली की खोलीत पापड भाजून खायचे. किंग हेन्री रोडवर ते ज्या घरात राहत होते ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. तिकडे पापडावर रात्र निघत होती, आणि इकडे परळला रमाबाईही पोटाला चिमटा घेत होत्या. घरातली ओढाताण त्या पत्रातून कळू द्यायच्या नाहीत. त्यांना पाच मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. एकटा यशवंत वाचला.

रमाईंनी डोक्यावर शेण वाहिलं, गोवऱ्या थापल्या, असं आपण गाण्यांतून आणि भाषणांतून ऐकतो. काही लोक म्हणतात ही भक्तांनी रचलेली गोष्ट आहे. तसं नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी आपल्या 'बहिष्कृत भारत' या पत्रात स्वतः लिहिलंय की मी परदेशी असताना हिने रात्रंदिवस प्रपंच ओढला, आणि मी परत आल्यावर पडत्या काळात स्वतःच्या डोक्यावर शेण वाहून आणायलाही हिने मागेपुढे पाहिलं नाही. यातला 'परत आल्यावर' हा शब्द आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. शिकायला गेलेला असताना घर ओढाताणीत असतं हे सगळ्यांना पटतं. पण शिकून आला, पदव्या मिळाल्या, लोक हारतुरे देऊन गेले, आणि तरी घरची बाई शेण वाहतेय, हे लोकांच्या ध्यानात येत नाही. पदवी आणि पहिला पगार यांच्यामध्ये जे दिवस जातात, ते कोण पोसतं ते इथे दिसतं.

एप्रिल १९२३ मध्ये ते परत आले. आता ते बॅरिस्टर होते, आणि डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवीही त्याच वर्षी पुढे मिळाली. पण कोर्टात उभं राहायला सनद घ्यावी लागते आणि सनदेला पैसे भरावे लागतात. तेवढेही जवळ नव्हते. पुन्हा नवल भथेनाच मदतीला आले, तेव्हा सनद निघाली आणि वकिली सुरू झाली. नोकरीचा फॉर्म भरायला पैसे नाहीत म्हणून शेवटच्या तारखेला गटाच्या अध्यक्षाताईंच्या दारात उभी राहिलेली मुलगी आम्ही पाहिली आहे. सनदेची गोष्ट वाचली तेव्हा ती मुलगीच डोळ्यांपुढे आली.

आमच्या एका गटात गेल्या वर्षी यावरूनच वाद झाला. एका ताईंच्या मुलीला नाशिकला आणखी एक वर्ष राहून परीक्षा द्यायची होती. दोन वर्षं झाली होती, एकदा थोड्या मार्कांनी राहिली होती. ताईंनी वीस हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. एक आजी म्हणाल्या, "शिकून घरी बसलेली चार पोरं माझ्या गल्लीत आहेत. त्यापेक्षा शेळ्या घ्या, वर्षात पिल्लं तरी दिसतील." आजींचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गटाचा पैसा म्हणजे आठवड्याला वीस-वीस रुपये टाकून जमवलेला पैसा. त्यातल्या कुणी ऊसतोडीला गुजरातेत जाऊन तो आणला, कुणी मोहफुलं वेचून. दुसरी बाजूही खरी होती. गटाने नाही म्हटलं असतं तर ताई चांदीची कडी घेऊन सावकाराकडे जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

दोन बैठका गेल्या. मग ठरलं की रक्कम एकदम द्यायची नाही, महिन्याला दोन हजार द्यायचे. मुलीने सकाळी तीन तास तिथेच एखादं काम बघायचं, आणि दर महिन्याला आईला फोनवर खरं सांगायचं, जेवण सुरू आहे की नाही. शेवटची अट त्या आजींनीच घातली. मुलगी आता एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते आणि दुपारी अभ्यास करते. परीक्षेची तारीख अजून लागलेली नाही. हप्ते मात्र ताई वेळेवर भरताहेत, शेंगदाण्याच्या चटणीच्या विक्रीतून.

बाबासाहेब आपल्या भागातही येऊन गेलेत. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, तोवर आपण धुळे जिल्ह्यातच होतो. त्या धुळ्याला ३१ जुलै १९३७ रोजी ते कोर्टाच्या कामासाठी आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले. दरवर्षी त्या तारखेला तिथे हजारो माणसं जमतात, आपल्या बचत गटांच्या बायाही गाडी करून जातात. ज्या सनदेला १९२३ साली पैसे नव्हते, त्याच सनदेवर ते धुळ्याच्या कोर्टात उभे राहिले. रमाबाई तेव्हा नव्हत्या. २७ मे १९३५ ला त्या गेल्या होत्या. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरचं मोठं पुस्तक बाबासाहेबांनी त्यांनाच अर्पण केलं, आणि अर्पणपत्रिकेत लिहिलं की जवळ कुणी मित्र नसलेल्या, टंचाईच्या दिवसांत ती माझ्याबरोबर सोसायला तयार होती.